यंदा मला कोणी मारलं नाही

प्रिय सेनोबियो,

पाच मे होऊन गेला, आपली दरवर्षीची लुटुपुटीची लढाई झाली, आणि मी मेलो नाही. सगळे फ्रेंच मेले, जे मेले नाहीत ते नेमाप्रमाणे पळून गेले, मी एकटा धडधाकट परत आलो. वस्तीत दुसरा विषय नाही. तुला इतर कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच सांगतो, कारण या सगळ्या फजितीला खरा जबाबदार तू आहेस.

तू शिकागोत खिडकीपाशी बसला असशील, गुडघ्यांवर ती चौकड्यांची गोधडी, आणि तुझी लेक ओबदुलिया हे वाचून दाखवत असेल. ओबदुलिये, पोरी, सावकाश वाच आणि मोठ्याने वाच. मी जिथे थांब म्हणेन तिथे थांबायचं, चांगलं पाणीबिणी पिऊन पुढे जायचं. का म्हणून विचारायचं नाही. तुझ्या बाप्तिस्म्याला तुला हातावर मी घेतलं होतं आणि माझा एकुलता एक कोट तू तेव्हाच खराब केलास, तेवढ्याच्या बदल्यात हे ऐक. सेनोबियो, त्या दिवसापासून आपण दोघं कोंपाद्रे झालो, पोरीचा एक सख्खा बाप आणि एक धर्मबाप. माझ्या सख्ख्या भावांपैकी एकाशीही माझं इतकं जमलं नाही, हे आता ते दोघंही वर गेल्यावर लिहायला हरकत नाही.

तुझी वाचा गेली हे ऐकून वस्तीत कुणाचा विश्वास बसला नव्हता. पाय गेला म्हणाले असते, हात गेला म्हणाले असते, तर लोकांनी हळहळून मान्य केलं असतं. पण सेनोबियोची जीभ? मृतांच्या सणाची झेंडूची फुलं अजून दारादारांत होती, तू तुझ्या पुतण्याच्या, रोसेन्दोच्या ट्रकमागे तुझ्या त्या बुटक्या स्टुलावर बसून अक्षरं रंगवत होतास, आणि ब्रश हातातून गळला. ओबदुलिया आली, तुला विमानात घालून घेऊन गेली, बरंच केलं तिने. पण रोसेन्दोचा ट्रक तसाच फिरतोय. मागच्या फळीवर तू काढलेला हिरवागार पोपट, त्याच्याखाली म्हणीचा पहिला एक शब्द, आणि पुढे कोरी पाटी. बाजारपेठेतल्या दुसऱ्या रंगाऱ्याने फुकट पूर्ण करून देतो म्हटलं, तर तुझा पुतण्या त्याच्या अंगावर धावून गेला. आता सिग्नलला ट्रक थांबला की मागचे ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून उरलेली म्हण ओरडून पूर्ण करतात. निम्म्या शहराने ती पूर्ण केली आहे, पण फळी कोरीच आहे. पोपट म्हटलं की पुढे काय, हे तुला मी सांगायला नको, उगाच शाई कशाला घालवू. ओबदुलिये, इथे थांब जरा.

आता लढाईचं. तुला आठवतंय का, आपण दोघं शत्रू का झालो ते? तुझ्या घरचे पहिल्यापासून साकापोआश्त्लाचे डोंगरी शिपाई, म्हणजे आपल्या देशाच्या बाजूचे, तोंडाला काजळी, पांढरी सुती विजार, पाठीवर जाळीची पिशवी. माझ्या आजोबांनाही तेच व्हायचं होतं. कोण हौसेने फ्रेंच होतो? प्वेब्लात खऱ्या फ्रेंचांनी खाल्ला तसा मार खाऊन पळायचं, तेही दरवर्षी, सगळ्या गणगोतासमोर. पण वस्तीत पहिल्यांदा हा खेळ उभा राहिला तेव्हा फ्रेंच व्हायला कुणी तयार होईना, आणि आजोबांकडे लाल कापडाचा एक तागा पडून होता. आजीने त्याची ती घोळदार विजार शिवली आणि आमचं घराणं कायमचं शत्रुपक्षात गेलं. वर आम्ही पावभट्टीवाले. फ्रेंच शिपायाच्या पाठीवर लांब पाव बांधलेला हवा, तो आमच्याखेरीज कोण देणार? मी तुला नेहमी चिडवायचो, की पुढच्याच वर्षी आम्ही फ्रेंच परत आलो, प्वेब्ला घेतलं, राजधानीत आलो, तुमच्या डोक्यावर बादशहा आणून बसवला, त्याचा सण का करत नाही रे? तू गंभीरपणे म्हणायचास, करू की, पण मग शेवटी बादशहाला भिंतीशी उभा करून गोळ्या घालाव्या लागतील, तेव्हा तूच बादशहा हो, कोंपाद्रे.

आणि तू मला मारायचास ते तर कुणालाच जमणार नाही असं. वस्तीच्या टेकडीवर, खोट्या किल्ल्याच्या खाली तो मोठा खडक, शेजारी निवडुंग. मी धापा टाकत तिथवर चढायचं, तू खडकामागून निघायचं, बंदूक रोखायची, आणि बार काढण्याआधी एक म्हण म्हणायची. दरवर्षी नवी, आणि वर्षभरात मी जी काही माती खाल्लेली असेल त्याला अगदी मापात बसणारी. लोक आपापलं मरण सोडून ऐकायला थांबायचे. मेलेले फ्रेंच कोपरावर उठून बसायचे. वस्तीतल्या बायका महिनाभर आधी पैजा लावायच्या की यंदा तेलेस्फोरोला काय ऐकायला मिळणार. ज्या वर्षी मी गाढ झोपून राहिलो आणि अख्ख्या वस्तीला सकाळी पाव मिळाला नाही, त्या वर्षी तू म्हणीतलं नुसतं 'झोपलेला झिंगा' म्हणालास आणि लोक आधीच हसून लोळायला लागले, पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. मला मात्र आलं होतं. ओबदुलिये, थांब. पाणी पी.

माझा मेहुणा अडचण आली की बिऱ्हाड घेऊन यायचा आणि अडचण सरली की पोस्टकार्डसुद्धा टाकायचा नाही, त्या वर्षी तू शेजारच्या त्या निवडुंगाच्या फळांकडेच बोट दाखवलंस. मेहुणा खाली गर्दीत उभा होता, बिचारा कानापर्यंत लाल झाला. माझी बायको दोमितिला तुझ्याशी चार महिने बोलली नाही, मग तिनेच म्हटलं की निवडुंगाची म्हण खोटी नव्हती. ती काय होती ते तूच सांग, मी तिच्या भावाविरुद्ध माझ्या हाताने लिहिणार नाही, मला याच घरात जेवायचं आहे. ओबदुलिये, थांब इथे, जरा जास्त वेळ थांब.

आणि मी पुतणीच्या लग्नासाठी रेशमी सूट शिवला, त्यावरची ती माकडाची म्हण. ते तर मला इतकं लागलं होतं की मी पडताना मुद्दाम तुझ्या पायावर पडलो. तू लंगडत लंगडत विजयी झालास. मग नेहमीसारखा माझ्या पाठीवरचा पाव लुटून नेताना वाकलास आणि माझ्या टोपीखाली हळूच एक त्लाकोयो सरकवलास, मक्याच्या पिठाचा, घेवडा भरलेला, अजून गरम. मेलेल्या माणसाने हलायचं नसतं, मी टोपीखाली तोंड घालून खाल्ला. तुला माहीत नसेल, पण वर्षभरात मला सगळ्यांत चविष्ट लागायचा तो हाच घास. माकडाचं राहिलं, ओबदुलिये. थांब.

एकच वर्ष तू म्हण म्हटली नाहीस. ओबदुलिया उत्तरेला निघून गेली ते वर्ष. तू खडकामागून आलास, बंदूक रोखलीस, तोंड उघडलंस, आणि काहीच आलं नाही. खाली सगळे कान टवकारून उभे. तू बंदूक खाली केलीस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि नुसतं म्हणालास, "पड." मी पडलो. तू शेजारी बसून राहिलास, युद्ध आपल्या भोवती चालूच होतं. पोरी, हे तुझ्या बापाने तुला कधी सांगितलं नसणार. तू गेलीस याचा त्याला राग नव्हता. त्याच्याजवळ त्या दिवशी शब्द नव्हते, एवढंच.

तर यंदा. तयारी सगळी झाली होती. काजळी कोण खलणार, बंदुकांत दारू कोण भरणार, वाजंत्र्यांचं जेवण कुणाकडे, सगळं ठरलं. प्रिमितिवो खाटिक अजून आपला सेनापती आहे, तोच घोडा, तो घोडासुद्धा आता माझ्यासारखा धापा टाकतो. पण तेलेस्फोरोला कोण मारणार, हे कुणी विचारलंच नाही. रोसेन्दोला वाटलं सेनापतीने कुणाला तरी सांगितलं असेल. सेनापतीला वाटलं तुमच्या घरातला कुणीतरी येईलच. मला वाटलं, खडकापाशी कुणी ना कुणी असेल. आणि आत कुठेतरी, खोटं कशाला बोलू, मला वाटलं तूच असशील. एवढ्या वर्षांची सवय, पायांना काय कळतं की माणूस शिकागोत आहे.

मी चढलो. बार उडत होते, धूर इतका की समोरचं दिसेना, वरून शेजारच्या विमानतळावर विमानं उतरत होती. एक डोंगरी शिपाई समोर आला, कोयता उगारला, मला ओळखलं आणि बाजूला झाला. म्हणाला, "जा काका, तुमचा माणूस वर आहे." दुसराही तसाच. तिसऱ्याने तर हात धरून मला चढाच्या दगडावर चढवलं. खडक आला. खडकामागे कुणी नव्हतं. निवडुंग होता फक्त. मी थोडा वेळ थांबलो, खोकलो, मी आलोय हे कळावं म्हणून पाय आपटले. मग मागून माणसं चढत होती, मधे उभं तरी कसं राहणार, म्हणून पुढे गेलो. आणि असा जाता जाता, सेनोबियो, मी किल्ला घेतला.

खरंच घेतला. वर तोफेपाशी जाऊन उभा राहिलो, हातात बंदूक, पाठीवर पाव, आणि आजूबाजूचे डोंगरी शिपाई माझ्याकडे बघत होते. वाजंत्री थांबली. खाली मरून पडलेला तो चपलांचा दुकानदार उठून ओरडला, "जिंकलो का रे आपण?" त्याला त्याच्याच बायकोने खाली दाबला. प्रिमितिवो घोड्यावरून म्हणाला, "तेलेस्फोरो, मर ना बाबा, पोरं उपाशी आहेत." मी म्हटलं, "मरतो की. पण मारा तरी कुणीतरी." तो इकडे बघतो, तिकडे बघतो. कुणी पुढे येईना. शेवटी त्याने रोसेन्दोला ढकललं, तू सख्खा पुतण्या, तुझं काम.

रोसेन्दो आला. तुझीच बंदूक होती त्याच्याकडे, दस्त्यावर तू रंगवलेली दोन पिवळी फुलं मला लांबूनच दिसली. त्याने ती रोखली. मेलेले फ्रेंच म्हणीसाठी कोपरावर उठून बसले. तोंडाच्या काजळीवरून त्याचे डोळे तेवढे हलत होते. मग त्याने बंदूक खाली केली आणि म्हणाला, "माझ्याच्याने नाही होत, काका. हा माणूस सेनोबियोकाकांचा आहे." प्रिमितिवोने टोपी काढली. तो खाटिक माणूस, त्याला आयुष्यात मी कशासाठीही थांबलेला पाहिला नव्हता, तोही घोड्यावर टोपी हातात धरून बसून राहिला.

मग मी आपला किल्ला सोडून खाली उतरलो. उतरताना पाठीवरचा पाव सोडून खडकावर ठेवला, तुझा होता तो. खाली दोमितिला त्लाकोयो घेऊन उभी होती, तिने खास तुझ्या पद्धतीने केले होते. मी खाल्ला नाही. तो मेलेल्या माणसाचा घास आहे, जिवंतपणी कसा खाऊ? ती म्हणाली, म्हातारा हट्टाला पेटलाय, आणि मग स्वतःच डोळे पुसत बसली, धुरामुळे म्हणे.

तेव्हापासून माझी दशा बघ. सकाळी पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय हो, अजून आहात?" शाळेतल्या बाईंनी मुलांना भट्टीवर आणलं आणि सांगितलं की हा आपल्या देशातला शेवटचा फ्रेंच शिपाई. प्रिमितिवोने निरोप धाडलाय की सप्टेंबरच्या आत काय ते मिटवा, स्वातंत्र्यदिनाच्या जयघोषाला चौकात शत्रूचा माणूस आपल्यात उभा राहून ओरडलेला चालायचा नाही. मी म्हटलं, माझ्या हातात काय आहे? ज्याच्या हातात आहे तो खिडकीपाशी बसलाय.

आता मी हे सगळं का लिहितोय ते सांगतो. मागच्या रविवारी ओबदुलियाचा फोन आला. रडत होती, पण चांगलं रडणं. म्हणाली, धाकट्या नातवाच्या वाढदिवसाला सगळ्यांनी आपलं ते पहाटेचं गाणं धरलं, आणि तू, ज्याला स्वतःचं नाव म्हणता येत नाही, तिचं म्हणता येत नाही, पाणी हवं तर पेल्याकडे बोट करतोस, तो तू ते गाणं शेवटच्या शब्दापर्यंत त्यांच्याबरोबर म्हणालास. तुला बोलायला शिकवणाऱ्या बाई तिला म्हणाल्या, असं होतं, लहानपणापासून तोंडात बसलेलं कधीकधी आत शाबूत राहतं, कुणीतरी सुरुवात करून द्यावी आणि वाट बघावी, घाई करू नये. मी फोन ठेवला आणि त्या दिवसाचे सगळे पाव करपले. सेनोबियो, मी शाई वाचवत नव्हतो रे. पोपट, झिंगा, निवडुंग, माकड, सगळं मी तुझ्यासाठी अर्धं सोडलंय. ओबदुलिये, आता कळलं ना तुला का थांबवत होतो? काही आलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका दोघांनीही. उद्या पुन्हा वाच, परवा पुन्हा वाच, कागद फाटला तर कळव, मी नवीन लिहून पाठवीन. आणि ज्या दिवशी एखादी येईल, पुरी किंवा तुटकी, त्या दिवशी भट्टीवर फोन लाव आणि त्याच्या तोंडाशी धर. कुठली म्हण ते त्याने ठरवायचं, यंदा मी काय केलं ते त्याला आता माहीत आहे. म्हण नाहीच आली तर नुसतं "पड" आलं तरी चालेल, एकदा चाललं होतं. दोमितिलाने पिठाच्या पोत्यांजवळची जागा झाडून ठेवली आहे, मी लाल विजार घालूनच पाव विकतो, आणि फोन वाजला की आधी विजार सावरतो. तू बोल, कोंपाद्रे. मी लगेच पडतो.

तुझाच शत्रू, तुझ्या हातून मरायचा राहिलेला,
तेलेस्फोरो